बंडाखालचे मासे



पुण्यात संगमावर मुळा-मुठा एक होतात आणि नदी येरवड्याकडे निघते. तिथं 1850 साली सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून बांध झाला. तोच आपला बंड. बंडगार्डन हे नाव त्यावरूनच पडलं. पावसाळ्यात नदीला पाणी आलं की मासे चढणीला लागतात आणि या भिंतीपाशी येऊन अडतात. भोयांना ही जागा पक्की ठाऊक.

लहानपणी मी त्यांच्यामागं तासन्‌तास उभा राहायचो. आमच्या शेजारचे भोईकाका पागाची एक कड दातात धरायचे, उरलेलं जाळं खांद्यावर आणि कोपरावर घ्यायचे, अन् कमरेतून गिरकी घेऊन सोडायचे. जाळं पाण्यावर गोल उघडायचं, कडेचं शिसं त्याला तळाशी न्यायचं. मग दोर सावकाश ओढताना हाताला बसणाऱ्या हिसक्यावरून काका मासा ओळखायचे. वर यायच्या आधीच नाव सांगायचे.

ती नावं फार मोलाची आहेत. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी दख्खनची पाहणी करत हिंडला. इथल्या माशांची वर्णनं लिहिताना त्यानं इथल्या माणसांच्या तोंडची नावंच उचलली, कानाला लागली तशी. कोळस, अलकूट, नाकाडावर टेंगूळ असलेला नुकटा. 1839 पासून ही नावं जगभरच्या ग्रंथांत आहेत. आपल्या महासीरचं शास्त्रीय नाव आजही टॉर खुद्री, आणि तिची पहिली नोंद पुण्याच्या पूर्वेच्या याच मुळा-मुठेतली. ती सांगणाऱ्या माणसांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

पुढं शहराचं सांडपाणी नदीत आलं. पाण्यातला प्राणवायू घटला, उन्हाळ्यात जलपर्णीनं पात्र झाकलं. वाहतं, स्वच्छ पाणी लागणारी खुद्री इथं टिकणार कशी? बाहेरून आणलेली चिलापी मात्र फोफावली. मी खुद्री जिवंत पाहिली ती लोणावळ्याला, वळवणच्या टाटांच्या बीजोत्पादन केंद्रात.

गेल्या पावसाळ्यात बंडाखाली एक मुलगा कणकेची गोळी लावून गळ टाकत होता. चिलापीच लागली. त्याला मी खुद्रीचं सांगितलं. "केवढी असते?" त्यानं विचारलं. मी दोन्ही हात पसरले. मग रुपयाचं नाणं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि म्हटलं, "मोठ्या खुद्रीचं एकेक खवलं याहून मोठं."