विभागाचा कागद, विभागाचे कोठार

भिलाई हे नाव घेतले की तापलेले पोलाद डोळ्यांपुढे येते, आणि ते स्वाभाविकच आहे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दुर्ग जिल्ह्यातील एका खेड्याच्या नावाची नगरी झाली. पुढे या नगरीत विद्येची कामेही उभी राहिली. छत्तीसगढ स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ २००५ साली सुरू झाले. भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने २०१६ मध्ये आरंभ केला तो रायपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात. कुटेलाभाठ्याच्या तिच्या स्वतःच्या वास्तूचे लोकार्पण २० फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. सामायिक जागेत वावरणे म्हणजे काय, हे अशा संस्थेला कोणी निराळे शिकवावयास नको.

परंतु स्वतःची वास्तू झाली तरी सामायिकपणा संपत नाही. कोणत्याही विद्यापीठाच्या कोणत्याही विभागात दोन वस्तू सर्वांच्या असतात. एक, कोपऱ्यातला प्रिंटर. आणि दुसरी, ज्यावर सर्वांच्या फाइली राहतात तो सर्व्हर. दोहोंवर मर्यादा घालावी लागते, आणि बहुधा ती एकाच परिपत्रकाने, एकाच मापाने घातली जाते. वादाचे मूळ तेथेच असते. कारण कागद खर्च होतो, जागा व्यापली जाते. छापलेले पान परत कोरे होत नाही. उलट, कोठारातील फाइल काढून टाकली की ती जागा त्याच क्षणी दुसऱ्यास मोकळी होते. पहिली गोष्ट शिधावाटपाची, दुसरी भाडेकरूची.

कागदाचा हिशोब आधी पाहू. दोनशे पानांचा प्रबंध, त्याच्या पाच प्रती, म्हणजे हजार पाने. एका रिमात ५०० कागद. तेव्हा एकाच बाजूस छापले तर दोन रिमे, दोन्ही बाजूंस छापले तर एकच. प्रिंटर दोन्ही बाजूंस छापण्यावरच लावून ठेवणे, एवढ्या एका गोष्टीने जी बचत होते ती दहा सूचनाफलकांनी होत नाही. तरीही मर्यादा लागतेच. मात्र ती दरमहा सारखी असावी हा आग्रह चुकीचा आहे. प्रबंधाचा विद्यार्थी वर्षभर पाच-दहा पाने छापतो आणि शेवटच्या पंधरवड्यात हजार. त्याला मासिक मर्यादेत कोंबले की पहिले अकरा महिने त्याचा वाटा वाया जातो आणि बाराव्या महिन्यात तो गावातल्या दुकानापुढे पैसे मोजीत उभा राहतो. ज्याच्या घरी स्वतःचा प्रिंटर आहे त्याला या नियमाची झळ लागत नाही. बालोद किंवा राजनांदगावच्या खेड्यातून येऊन वसतिगृहात राहणाऱ्याला लागते. पानांची संख्या समान ठेवली म्हणजे न्याय समान झाला, असे म्हणता येत नाही. वाटा सत्राचा असावा, उरलेला पुढे मिळावा, आणि शेवटच्या सत्राला तो मोठा असावा.

आणखी एक बारीक गोष्ट. पुष्कळ व्यवस्थांत पानांची मोजणी काम प्रिंटरकडे जाताना होते, कागद बाहेर पडताना नव्हे. मग कागद अडकला, शाई फिकी पडली, तरी खर्च विद्यार्थ्याच्या खात्यावर. असा खर्च परत जमा करणारा माणूस कोण, हे नियमात लिहिलेले नसेल तर तो नियम अर्धाच.

कोठाराची रीत निराळी असावी, आणि ती जुनी आहे. मेलबर्न विद्यापीठातील रॉबर्ट एल्झ यांनी युनिक्ससाठी रचलेली साठवण-मर्यादेची योजना १९८३ च्या बर्कली आवृत्तीतून सर्वत्र पोचली. तिच्यात मर्यादा एक नसून दोन होत्या. पहिली ओलांडली की इशारा मिळे, काम मात्र थांबत नसे. दुसरी ओलांडता येतच नसे. पहिलीच्या वर किती काळ राहावयाचे यालाही सीमा होती. पुढील व्यवस्थांत ती सामान्यतः सात दिवसांची मुदत झाली. प्रयोगाचे आकडे मध्यरात्री लिहिले जात असताना जागा संपली म्हणून काम अर्ध्यावर तुटणे किती वाईट, हे ज्याने पाहिले असेल त्याला या मुदतीचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

मध्यंतरी असाही काळ आला की मर्यादा ही गोष्टच जुनी वाटू लागली. गुगल कंपनी शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण देत असे. २०२१ मध्ये तिने ते थांबविण्याची घोषणा केली आणि २०२२ पासून प्रत्येक संस्थेस मिळून १०० टेराबाइटांचा सामायिक साठा ठरवून दिला. आकडा मोठा दिसतो; पण वीस हजार माणसांच्या विद्यापीठात माणशी वाटा पाच गिगाबाइटच येतो. व्याख्यानांची काही चित्रमुद्रणे ठेवली की तो संपला. ज्या विभागांनी वर्षानुवर्षे काहीच काढून टाकले नव्हते त्यांना अचानक घर आवरावे लागले, आणि घाईने आवरताना कामाचेही फेकले जाते.

कोठार भरते ते बहुधा आजच्या माणसांनी नव्हे, तर गेलेल्यांनी. विद्यार्थी पदवी घेऊन जातो, त्याच्या फाइली राहतात. प्राध्यापक निवृत्त होतात, त्यांच्याही. त्या कोणाच्या, हे ठाऊक नसल्याने कोणी हात लावीत नाही. म्हणून प्रयोगाची सामग्री व्यक्तीच्या नावावर न ठेवता प्रकल्पाच्या नावावर ठेवणे बरे. माणूस गेला तरी तिला धनी राहतो. पूर्ण झालेल्या प्रबंधाची प्रत शोधगंगेत जाते; तिच्यासाठी विभागाची जागा अडवावयास नको. पण त्यामागचे कच्चे आकडे, सूक्ष्मदर्शकाची मूळ चित्रे तेथे जात नाहीत, आणि विभागाने जागा राखावयाची असेल तर ती त्यांच्यासाठी.

राहता राहिला विभागप्रमुखांचा प्रश्न. त्यांना मर्यादा नसावी, असे बहुतेक ठिकाणी न बोलता ठरलेले असते. मोठा वाटा त्यांना अवश्य द्यावा, त्यांचे काम तसे असते. परंतु तो किती, हे सर्वांच्या वाट्यांबरोबर त्याच फलकावर लागावे.