मधुमेहाचा वारसा आणि आपले कर्तव्य

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात सावदा येथे केलेले भाषण)



मधुमेहासंबंधी बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा. मी केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक. तथापि या रोगाविषयी आपल्या घराघरांतून दोन वाक्ये वारंवार कानी पडतात. पहिले, ‘आमच्या घराण्यातच साखर आहे, तिला इलाज नाही.’ दुसरे सोयरिकीच्या बैठकीतले, ‘त्या घरात साखर आहे, तेथे मुलगी देऊ नका.’ पहिल्या वाक्याने माणूस हातपाय गाळतो आणि दुसऱ्याच्या भीतीने रोग लपवितो. ही दोन्ही वाक्ये शास्त्राच्या कसोटीस उतरतात काय, हे आपण आज पाहू.

मधुमेहाची प्रवृत्ती आईबापांकडून येते, हे खरेच आहे. २००६ साली आइसलँडमधील संशोधकांना ‘टीसीएफ७एल२’ या जनुकात असे भेद आढळले, की ज्यांच्यामुळे इन्सुलिन स्रवण्याची क्रिया मंदावते. लगोलग २००७ साली हैदराबादची पेशी व रेण्वीय जीवशास्त्राची प्रयोगशाळा आणि पुण्याचे के. ई. एम. रुग्णालय यांतील संशोधकांनी तोच शोध आपल्या रुग्णांत घेतला. डॉ. गिरिराज चांडक आणि डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे त्यांतील प्रमुख. तेच भेद येथेही सापडले. असा एक भेद अंगी असल्यास मधुमेहाचा संभव सुमारे दीडपट होतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जो भेद बर्फाळ आइसलँडात आहे आणि पुण्यातही आहे, तो कोणा एका ज्ञातीचा अथवा घराण्याचा कलंक कसा ठरेल?

दुसरे जनुक ‘एफटीओ’. त्याचा भेद आईबाप दोघांकडून मिळालेल्या युरोपीय प्रौढांचे वजन सरासरीने सुमारे ३ किलो अधिक भरते, असे २००७ साली सिद्ध झाले. मात्र २००९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात निराळेच दिसले. आपल्याकडे या भेदाचा मधुमेहाशी असलेला संबंध केवळ वाढत्या वजनाने उलगडत नाही. सडपातळ मनुष्यानेही निर्धास्त राहू नये, हा त्यातील बोध.

डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली आपलेच उदाहरण जगापुढे मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालकांतही हेच आढळले. त्यांचे वजन सरासरी २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बालकांहून बरेच कमी. पण मेद मात्र त्या मानाने राखलेला. म्हणजे गर्भवती मातेचे पोषण हाही वारशाचाच एक भाग आहे, आणि तो भाग आपल्या हाती आहे.

आता वारसा म्हणजे विधिलिखित काय? आपण केळी पिकविणारे लोक आहोत. ऊतिसंवर्धित रोपांचा संपूर्ण मळा एकाच वाणाचा, रोपारोपांत जनुकांचा भेद जवळजवळ नाहीच. तरीही पाणी, खत आणि निगा यांप्रमाणे एका शेतकऱ्याचा घड भरघोस येतो, दुसऱ्याचा हलका. माणसाचेही असेच आहे. २०११ साली २ लाख १८ हजार प्रौढांची माहिती एकत्र करून पाहता, शरीरश्रम करणाऱ्यांत ‘एफटीओ’चा स्थूलतेवरील परिणाम सुमारे चतुर्थांशाने कमी आढळला. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवरच प्रयोग केला. नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्या गटात तीन वर्षांत १०० पैकी ५५ जणांना मधुमेह जडला. आहार व चालणे सांभाळणाऱ्या गटात ३९ जणांना. रक्त तेच होते, वागणूक तेवढी बदलली.

आपले वाडवडील औतामागे दिवसभर चालत. आज ठिबकची कळ फिरविली की काम झाले, आणि मळ्यात जावयाचे ते मोटारसायकलीवरून. वरण-बट्टीवरील तुपाची धार मात्र पूर्वीचीच राहिली! २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, यात नवल ते काय?

यास्तव माझी नम्र विनंती अशी. जनुकांच्या महागड्या तपासण्यांची गरज नाही; शिंप्याची फीत आणि रक्ततपासणी पुरेशी आहे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर अथवा स्त्रीची ८० सेंटिमीटर भरली, की सावध व्हावे. तीस वर्षांवरील प्रत्येकाने रक्तातील साखर, चरबी आणि रक्तदाब तपासून घ्यावा. कारण कंबर, साखर, चरबी व रक्तदाब ही दुखणी टोळीनेच येतात आणि हृदयावर चालून जातात. प्रत्येक गर्भवतीची साखर तपासली जावी. ज्यांच्या घरी आईबापांना मधुमेह आहे, त्यांनी तर मुळीच आळस करू नये.

आणि सोयरिकीच्या बैठकीत रोग लपवू नये, तसाच त्यावरून स्थळही मोडू नये. अमुक घरात साखर आहे असे समजताच, त्या घरी पथ्य आहे काय, चालण्याचा परिपाठ आहे काय, एवढेच विचारावे. घराण्याचा वारसा नाकारता येत नाही. परंतु पुढच्या पिढीच्या हाती तो कोणत्या स्थितीत द्यावयाचा, हे आपणच ठरवितो.