रानात हरवलेली राजधानी
(नभोवाणीवरील भाषण)

बडोद्याहून ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरांवर पावागडाचा डोंगर आहे. कालिकामातेच्या दर्शनास जाणारे हजारो यात्रेकरू त्याच्या पायथ्याशी उतरतात. आपण एका राजधानीच्या रस्त्यांवरून चालत आहो, ही जाणीव मात्र त्यांतील थोड्यांनाच असते.

ही राजधानी म्हणजे चांपानेर. दीर्घ वेढ्यानंतर १४८४ साली महमूद बेगड्याने खीची चौहानांकडून पावागड जिंकला आणि पायथ्याशी मुहम्मदाबाद या नावाने नवे नगर वसविले. तट, वेशी, मशिदी आणि बागा उभ्या राहिल्या. १५३५ साली हुमायून चालून आला. कड्यात लोखंडी खुंट्या ठोकून त्याचे सैनिक रात्री वर चढले व किल्ला पडला. पुढे गुजरातची राजधानी पुन्हा अहमदाबादेस गेली. जेमतेम ५० वर्षांत नगरीचे भाग्य सरले. सतराव्या शतकाच्या आरंभी ‘मिरात-ए-सिकंदरी’च्या कर्त्याला तेथील पडक्या घरांतून वाघांचा वावर असल्याचे लिहावे लागले.

पुढे हा गड दीर्घकाळ ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होता. मराठ्यांच्या इतिहासात पावागडाचे नाव येते ते गड म्हणून. खालच्या नगरीवर तोवर रान माजले होते.

पण या रानानेच एक उपकार केला. नांदत्या शहरात जुने घर पाडून त्याच जागी नवे बांधले जाते आणि जुन्या वस्तीचा माग पुसला जातो. चांपानेरात नवे बांधण्यास कोणी उरलेच नाही. म्हणून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील प्राध्यापक रमणलाल मेहता यांनी १९६९ ते १९७५ या काळात येथे उत्खनन केले, तेव्हा मातीखाली रस्ते आणि घरांची जोती सापडली. ‘अमीर मंझिल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाड्यात दालनांबरोबर बाग आणि तीत पाणी खेळविणारे पाट उजेडात आले. तवारिखांत सुलतानांच्या स्वाऱ्या वाचावयास मिळतात. माणसे कोठे राहत आणि पाणी कोठून आणीत, हे सांगितले ते या जोत्यांनी.

पाण्याची ही कथा साऱ्या नगरीभर पसरली आहे. डोंगरावर पडणारा पाऊस वाटेतील तळ्यांत अडवावा आणि खाली मोठ्या तलावात, कुंडांत व विहिरींत साठवावा, अशी ती योजना. जामा मशिदीजवळ अष्टकोनी कुंड आहे. एका विहिरीत तर सुमारे चार फूट रुंदीचा जिना भिंतीला धरून वळत वळत पाण्यापर्यंत उतरतो.

२००४ साली युनेस्कोने चांपानेर-पावागडास जागतिक वारसास्थळ ठरविले. जामा मशिदीचे उंच मनोरे सर्वांच्या दृष्टीस पडतात, म्हणून त्यांची काळजी घेणारेही भेटतात. खरी भीती आहे ती गुडघाभर उंचीच्या जोत्यांची. तेथला एखादा दगड कोणी चूल मांडावयास उचलला, तर सामान्य माणसाच्या घराचा एकमेव पुरावा नाहीसा होतो. आणि तो लिहून ठेवणारा तवारीखकार कधी झालाच नाही.

पुढच्या वेळी आपण पावागडी जाल, तेव्हा देवीचे दर्शन अवश्य घ्या. मात्र उतरल्यावर घटकाभर त्या जोत्यांपाशी थांबा आणि तेथील दगड तेथेच राहू द्या.