कर्ण्यावरचा मोत्सार्ट

चित्रपटाला ऑपेराचें संगीत जोडणें सोपें. तें शोभणें मात्र कठीण. मोत्सार्टचा ‘फिगारोचा विवाह’ १७८६ सालीं व्हिएन्ना येथें रंगभूमीवर आला. त्यांतील एका युगुलगीतांत सरदारपत्नी आपल्या चंचल पतीला फशीं पाडणारी चिठ्ठी सांगते व दासी सुझाना ती लिहून घेते. १९९४ सालच्या ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ या अमेरिकन चित्रपटांत एक कैदी हेंच गीत तुरुंगाच्या कर्ण्यांवर लावतो. त्याबद्दल त्याला दोन आठवडे एकान्तकोठडी मिळते. परंतु गीत चालू असेपर्यंत आवारांतील सारे बंदिवान स्तब्ध उभे असतात. इटालियन शब्द त्यांस कळत नाहींत. चिठ्ठीचा विनोद गळतो, उरतात दोन स्त्रीकंठ. मर्म मात्र टिकतें: तेथें दासीनें धन्याला चकविलें, येथें बंदिवानानें अधिकाऱ्यांना. असें नातें जुळलें, म्हणूनच हें संगीत तेथें उसनें वाटत नाहीं.