पहिला साप कोणता पाळू? केजच्या एका मेसेजला उत्तर

ज्यांची एसटीत बसल्यावर रेंज जाते किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या आठवड्यात केज तालुक्यातून एका पोराचा मेसेज आला. बारावीला आहे. "दादा, आमच्या रानात दुतोंड्या निघालाय. हातात घेतला तरी काही करत नाही. मला लई दिवसांपासून साप पाळायचाय. सुरुवातीला हाच बरा ना? यूट्यूबवर पण सँड बोआच सांगायलेत." सोबत फोटो. प्लास्टिकच्या टोपलीत, मातीवर गुंडाळून बसलेलं मांडूळ.

आता गंमत अशी, की पोरगा अगदीच चुकीचं बोलत नाही. परदेशात नवख्यांसाठी सापांच्या ज्या याद्या असतात, त्यात केनियन सँड बोआ हमखास असतो. आपलं मांडूळ त्याच्याच कुळातलं. बिनविषारी, संथ, सहसा चावत नाही. दिवसभर भुसभुशीत मातीत, संध्याकाळी बाहेर. शेपूट तोंडासारखी बोथट, म्हणून दुतोंड्या. धोका वाटला की डोकं वेटोळ्यात लपवतं आणि शेपूट पुढे करतं, म्हणजे मार बसलाच तर शेपटीवर. सापाच्या स्वभावाचाच प्रश्न असता तर मी म्हणालो असतो, निवड चांगली आहे.

पण हा साप आपला नाही, म्हणजे रानातला आहे म्हणून आपला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. नाग, घोणस आणि आपली साधी धामणसुद्धा आता पहिल्या अनुसूचीत आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, आणि दंड किमान २५,००० रुपये. मांडुळालाही याच कायद्याचं संरक्षण आहे. "मी पाळतोय, मारत तर नाही ना" हे उत्तर तिथे चालत नाही. पकडून ठेवणं हीच शिकार धरली जाते.

आणि मांडुळाचं दुसरं एक लफडं तुम्हाला माहितीच असेल. गुप्तधन सापडतं, औषध होतं, लाखोंनी विकलं जातं, अशा थापा. त्यापायी दर काही महिन्यांनी कुठे ना कुठे मांडूळ विकताना लोक पकडले जातात. त्या पोराला मी आधी हेच विचारलं, "फोटो स्टेटसला ठेवलास का?" ठेवला होता. दोन अनोळखी नंबरवरून मेसेजही आले होते. दोघांचा प्रश्न एकच, वजन किती?

मी त्याला रागावलो नाही. रागवायचा मला हक्कच नाही. बारावीत असताना मीही साप ठेवला होता. तस्कर. बिनविषारी, अंगावर नक्षी, मानेकडून शेपटीकडे जाणारे गडद पट्टे. घराच्या मागच्या बाजूला रचलेल्या विटांत सापडला. तेव्हा कायदा वगैरे डोक्यात नव्हता. मित्राकडून माशांची जुनी काचेची टाकी आणली, वर जाळी बांधली, आत वाळू आणि पाण्याची वाटी. खोली पत्र्याची. एप्रिल महिना. सकाळी क्लासला गेलो, दुपारी दोन वाजता आलो तेव्हा तो टाकीच्या कोपऱ्यात जाळीला तोंड लावून होता. गेलेला. वाटीतलं पाणी हाताला कोमट लागलं. साप स्वतःचं अंग थंड करू शकत नाही, त्याला सावलीत सरकावं लागतं, आणि मी त्याला सरकायला दीड फूट जागा ठेवली होती, तीही सगळी तेवढीच तापलेली. आईने काही विचारलं नाही. मीच रात्री लिंबाखाली पुरला.

म्हणून साप पाळण्याचे इंग्रजी व्हिडिओ बघताना मला एक गोष्ट खटकते. ते सगळे ऊब कशी द्यायची ते सांगतात. हीट लॅम्प, हीट मॅट. अरे, बीडमध्ये मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, त्यात लाईट जाते. आपल्याकडे अर्धं वर्ष प्रश्न उलटा आहे.

बरं, देशी साप नाही, तर परदेशी? हे विचारणारेही बरेच आहेत, कारण पुण्या-मुंबईत लोक पाळतात. तिथे दोन नावं येतात, बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक. पहिला पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, दुसरा अमेरिकेतला. जवळजवळ प्रत्येक यादीत बॉल पायथन वरच्या नंबरात असतो. जाड, छोटा, लाजाळू, घाबरला की चेंडूसारखा गोळा होतो. २०-३० वर्षं जगतो, म्हणजे आज बारावीत असाल तर तुमची मुलं बारावीला जाईपर्यंत. सायटीस नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत तो आहे, त्यामुळे ठेवायचा तर परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. २०२४ च्या नियमांप्रमाणे ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत. कागद नसलेला साप कुणी "भाऊ, कुरियरने पाठवतो" म्हणत असेल, तर तो तुम्हाला साप नाही, केस विकतोय.

पण माझा बॉल पायथनला विरोध कागदामुळे नाही. बीडच्या घरात तो नको, याचं कारण वेगळं आहे आणि ते मला एका फोनने शिकवलं.

पावसाळ्याची सुरुवात होती. गेवराईकडच्या एका वस्तीवरून फोन आला, "अजगराचं पिल्लू सापडलंय, घेऊन जा." मी गेलो. ओसरीवर निळ्या टबात साप, वर चाळणी झाकलेली, भोवती चार लेकरं. सगळ्यात लहान असेल पाच-सहा वर्षांचं, काडीने त्याला डिवचत होतं. लांबूनच आवाज आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते ना, तसा, पण थांबतच नाही असा. अजगर नव्हता. घोणस होती. अंगावर तीन रांगांत साखळीसारखे तपकिरी ठिपके, डोकं त्रिकोणी. लेकराचा हात आणि चाळणी यात वीतभर अंतर होतं. ज्या दादाने तिला टबात टाकलं, त्याने उघड्या हाताने शेपटीला धरून आणली होती. तो वाचला, याला दुसरं कारण काहीच नाही, नशीब.

घोणशीला अजगर समजणं ही आपल्याकडची जुनी चूक आहे. जाड, सुस्त, ठिपकेदार दिसलं की लोकांना अजगर वाटतो. आता विचार करा, तुमच्या घरात बॉल पायथन आहे. जाड, सुस्त, तपकिरी ठिपक्यांचा. तुमची धाकटी बहीण रोज बघतेय की दादा असा साप गळ्यात घालतो आणि काही होत नाही. मग एक दिवस तुरीच्या शेंगा तोडताना तिला बांधावर तसाच एक दिसला, तर? तुम्ही पुण्यातल्या सातव्या मजल्यावर राहत असाल तर हा प्रश्न नाही. आपल्या घराच्या मागे शेत आहे. आपल्याकडे पोरं उसाच्या फडात झोपतात.

म्हणून माझी यादी यूट्यूबच्या यादीपेक्षा वेगळी आहे. परदेशीच साप ठेवायचा असेल, घरचे तयार असतील, तर कॉर्न स्नेक. सडपातळ, लाल-केशरी, आपल्या चार विषारी सापांपैकी एकाशीही गल्लत होत नाही. खायला नखरे कमी. बॉल पायथन कधी कधी महिनोन्महिने तोंड लावत नाही आणि नवखा माणूस घाबरून मरतो. कॉर्न स्नेक साधारण १५-२० वर्षं जगतो, वाढून तीन ते पाच फूट होतो. सायटीसच्या यादीत तो नाही, पण परदेशातून आणायला परवाना लागतोच. म्हणून इथेच जन्मलेलं पिल्लू, लेखी बिल, आणि घेण्याआधी वन विभागाच्या ऑफिसात एक चक्कर.

माझ्या एका मित्राचा कॉर्न स्नेक मी दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात सहा आठवडे सांभाळला. तेवढ्यात जे कळलं ते सांगतो. टाकीच्या दोन टोकांना दोन थर्मामीटर हवेत, एका टोकाला २४-२५, दुसऱ्याला ३० च्या आसपास. मी टाकी खालच्या मजल्यावर फरशीवर ठेवली, भिंत मातीची, खिडकी उत्तरेला. दुपारी बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून टाकीच्या बाहेर काचेला टेकवायची, आत नाही. कूलर थेट समोर नाही. लाईट गेली तर घरी कुणीतरी हवंच. त्या सहा आठवड्यांत मी एका लग्नालाही गेलो नाही. मेच्या हंगामात! नातेवाईक अजून ऐकवतात.

झाकणाला कुलूप. हे गंमत म्हणून सांगत नाही. कॉर्न स्नेक बोटभर फटीतून निघून जातो, आणि आपल्या गल्लीत निघालेला साप कुणाचा पाळलेला आहे हे काठी विचारत नाही.

आणि खाणं. साप दूध पीत नाही, हे तुम्हाला सांगायची गरज नसावी. गोठवलेले उंदीर आणायचे, वितळवून कोमट करून चिमट्याने द्यायचे. पिल्लाला आठवड्याला एक, मोठ्याला दहा-चौदा दिवसांनी. उंदीर सापाच्या सगळ्यात जाड भागापेक्षा फार जाड नको. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर उलटून टाकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. हे सगळं सोपं आहे. अवघड आहे ते आईला सांगणं, की फ्रीजमध्ये एकादशीच्या भगरीशेजारी हा डबा कशाचा आहे. आमच्या घरी माळकरी आजी आहे. मी थर्माकोलची पेटी आणि रोज बर्फ, असा संसार केला.

खर्चाचं मी मुद्दाम बोलत नाही, तो तुम्ही काढालच. डॉक्टरचं बोलतो. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना म्हशी, शेळ्या, बैलांनी भरलेला असतो. सापाच्या तोंडात संसर्ग झाला तर कुणाकडे जाणार, हे साप घ्यायच्या आधी फोन करून ठरवा. नंतर नाही.

केजच्या त्या पोराशी मग मी फोनवर बोललो. त्याला म्हणालो, तुला साप बघायचेत ना, मग आधी नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नीट ओळखायला शीक. आपल्याकडचं प्रतिविष या चारांवरच चालतं. कवड्या आणि मण्यार यातला फरक सांग. त्याला आला नाही. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक, शेपटीकडे विरत जातात. मण्यारचे पांढरे पट्टे बहुतेक जोडीने, मागच्या बाजूला जास्त स्पष्ट. तरी अंधारात यावर विसंबून हात घालायचा नाही. चावलाच कुणाला, तर मांत्रिक नाही, घट्ट दोरी नाही, ब्लेड नाही, १०८ ला फोन आणि सरकारी दवाखाना. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला 'सर्पराज्ञी' हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे, तिकडे एकदा जाऊन ये म्हणालो. पुण्याला गेलास तर कात्रजचं सर्पोद्यान बघ.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे दुतोंड्या सोडूच का?"

सोड. जिथे सापडला तिथेच, ऊन उतरल्यावर. आणि स्टेटस काढ आधी.

त्याच संध्याकाळी फोटो आला. भुसभुशीत मातीत अर्धं अंग आत गेलेलं, एक बोथट टोक वर. खाली लिहिलंय, "दादा, गेला. हे तोंड आहे का शेपूट?" झूम करून दोनदा बघितलं. शेपूटच असावी.