कपड्यांवरचे डाग : दिसणारे आणि न दिसणारे
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



गेल्या खरिपात सावली तालुक्यातील एका गावी धानावरील खोडकिडा आणि तुडतुडे या विषयावर बोलून झाले. चहा आला, माणसे उठू लागली. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारले, “सर, आमच्या घरच्यांच्या सदऱ्यावरचा पिवळा डाग कायनं जाते? सोडा लावला, लिंबू लावला, जातच नाही.” मंडळी हसली. मीही हसलो, हे कबूल करतो. कृषिविद्या शिकविणाऱ्या माणसाला धुण्याचे काय विचारायचे, असे मनात आले. मग त्या म्हणाल्या की डाग पाठीवर आहे, कमरेच्या थोडा वर, पंजाएवढा, आणि दरवर्षी याच दिवसांत पडतो. तेव्हा माझे हसू थांबले. तो डाग कशाचा होता ते पुढे सांगतो. आधी रोजचे डाग पाहू, कारण ते ओळखता आले म्हणजे तोही ओळखता येतो.

धानाचे पान तांबूस दिसले म्हणून आपण डोळे मिटून औषध मारीत नाही. करपा आहे की जस्ताची कमतरता, हे आधी पाहतो. कपड्यांचेही तसेच आहे. डाग कशाचा हे न पाहता गरम पाण्यात सोडा टाकून कपडा उकळला, तर अनेक डाग निघण्याऐवजी पक्के बसतात. रक्ताचा डाग घ्या. कापणीच्या दिवसांत विळा लागतो, धोतराला किंवा लुगड्याला रक्त लागते. रक्तात प्रथिने असतात. गरम पाणी पडले की ती अंड्यासारखी शिजून धाग्याला चिकटतात. म्हणून रक्ताला नेहमी थंड पाणी, त्यात मूठभर मीठ, आणि साबण नंतर. दुधाच्या डागालाही हाच नियम.

रोवणीचा चिखल ओला असताना घासू नये. कन्हार जमिनीच्या चिकणमातीचे कण फार बारीक असतात; घासले की ते धाग्याच्या आत शिरतात. कपडा वाळू द्यावा, माती झटकावी, मग भिजत घालावा. रोवणीत कपडा वाळतो कुठे, असे तुम्ही म्हणाल, आणि ते खरे आहे. अशा वेळी कपडा उलटा करून मागच्या बाजूने पाण्याची धार सोडावी. माती आली त्याच वाटेने बाहेर जाते.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो आणि बायका घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. हळदीचा रंग क्षाराने लाल होतो, आणि स्वच्छ पाण्यात खळखळून काढला की पुन्हा पिवळा दिसतो. राहिलेला पिवळेपणा उन्हाला सोपवावा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. ट्रॅक्टरच्या किंवा मोटारपंपाच्या ग्रीसला आधी कोरड्या चिंधीने पुसावे, थोडे रॉकेल किंवा डिझेल लावून सैल करावे, मग गरम पाणी व साबण वापरावा. हे काम अंगणात, चुलीपासून लांब करावे. खर्ऱ्याचा डाग लिंबाच्या रसाने फिका होतो. खर्रा सोडला तर तो पडतच नाही, पण तो विषय आजचा नाही.

आता आपल्या जंगलातले डाग. जांभळाच्या रंगाला साबण लावला की तो निळसर होऊन बसतो. त्याला आधी आंबट लावायचे, लिंबू किंवा ताक, आणि मग धुवायचे. बिब्ब्याचे मात्र वेगळे. बिब्ब्याच्या टरफलातल्या तेलाचा काळा डाग निघत नाही, निघावा अशी अपेक्षाही करू नये. पूर्वी धोबी गिऱ्हाइकाच्या कपड्यावर खूण करायला बिब्बाच वापरीत, तो याच कारणासाठी. बिब्बे गोळा करायला जाताना वेगळा जुना कपडा ठेवावा. घरी आल्यावर तो बाळाच्या दुपट्यात मिसळू नये, कारण ते तेल कातडीवर फोड आणते.

हिरड्याचा डाग फसवा आहे. हिरडा भरलेले पोते खांद्यावर वाहिले की कपड्यावर फिकट तपकिरी छटा येते. घरी येऊन हातपंपाच्या तांबड्या पाण्यात तो कपडा बुडवला की शाईसारखा काळा होतो. हिरड्यात, तसेच बाभळीच्या सालीत, टॅनिन असते. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई अशीच करीत. म्हणजे इथे दोष एकट्या हिरड्याचा नाही, पाण्याचाही आहे.

गडचिरोली जिल्ह्यात आणि चंद्रपूरच्या काही भागात बोअरवेलचे पाणी उपसताना निर्मळ दिसते आणि बादलीत तासभर राहिले की पिवळे-तांबडे होते. पाण्यात विरघळलेले लोह हवा लागली की गंजते, तोच हा रंग. त्या पाण्यात पांढरे कपडे धुतले की महिन्याभरात ते चहात बुडवल्यासारखे दिसतात. मग घरात ब्लीचिंग पावडर येते. हीच मोठी चूक होते. ब्लीचिंग पावडरने लोह आणखी झपाट्याने गंजते आणि धाग्यावर बसते. कपडा पांढरा होण्याऐवजी आणखी पिवळा होतो. उपाय सोपा आहे. पाणी आदल्या रात्री मोठ्या भांड्यात ओतून ठेवावे. ओतताना उंचावरून ओतावे, म्हणजे हवा मिसळते. सकाळी गाळ खाली बसलेला असतो. वरचे पाणी न हलवता काढून घ्यावे. पडलेले डाग लिंबाचा रस व मीठ लावून उन्हात ठेवावेत, वाळू लागले की पुन्हा रस लावावा, आणि शेवटी भरपूर पाण्याने धुवावे. एक ताकीद मात्र आहे. लिंबू किंवा कोणतेही आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकाच बादलीत कधी आणू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो छातीला बाधतो.

आता सावलीच्या त्या बाईंचा डाग. तो फवारणीच्या औषधाचा होता. पाठीवरच्या पंपाच्या झाकणाचे वॉशर झिजले होते. वाकले की टाकीतले द्रावण झाकणातून निसटून पाठीवर ओघळत होते. सदरा ओला, पाठ ओली, आणि तसेच दिवसभर काम.

पुष्कळांना वाटते की औषध फक्त नाकातोंडातून जाते. तसे नाही. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरस गटातील औषधे कातडीतूनही शरीरात शिरतात, आणि घामाने भिजलेल्या कातडीतून अधिक सहज. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा अंगावर येत होता. आपल्याकडे वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना भागात कापूस आहे. धानाच्या बांधीतही औषध कमी पडत नाही.

आणि तो कपडा धुतो कोण? बहुतेक घरांत बाई, उघड्या हातांनी, मुलांच्या गणवेशासोबत एकाच टोपल्यात. माझ्या घरी माझी आई वडिलांचे फवारणीचे कपडे असेच धूत असे. कृषीची पदव्युत्तर पदवी घेऊन आलो, तरी तिला त्याबद्दल एक शब्द सांगायला मला बरीच वर्षे लागली.

फवारणीचे कपडे त्याच दिवशी धुवावेत. रात्रभर राहिले की औषध धाग्यात मुरते. ते घरच्या इतर कपड्यांत मिसळू नयेत. त्यांची बादली वेगळी असावी. हातात रबरी मोजे घालावेत, आणि पहिले दोन खळखळे ज्याने फवारणी केली त्यानेच काढावेत. हे मी पुरुष मंडळींना सांगतो आहे. त्यानंतर सोसवेल तेवढे कढत पाणी आणि धुण्याची पावडर नेहमीपेक्षा थोडी जास्त घ्यावी, आणि एकदा नव्हे, दोनदा-तीनदा धुवावे. पाण्यात कालवण्याच्या तेलकट औषधांना, म्हणजे ज्यांच्या बाटलीवर ‘ई.सी.’ लिहिलेले असते त्यांना, थंड पाणी पुरत नाही. धुणे झाल्यावर बादली आणि मोजेही साबणाने धुवावेत. यंत्रात धुतले तर नंतर नुसत्या पाण्याने व पावडरने यंत्र एकदा रिकामे फिरवावे. कपडा भर उन्हात वाळवावा आणि घरात आणून घडी घालू नये, गोठ्याकडच्या वेगळ्या खुंटीवर टांगावा.

बाटलीतले दाट औषधच कपड्यावर सांडले असेल, तर तो कपडा धुण्याच्या फंदात पडू नये. अंगावरून तत्काळ काढावा, अंग साबणाने धुवावे, आणि कपडा फाडून पुरून टाकावा. पायपुसण्यालाही ठेवू नये. पुरायची जागा विहिरीपासून दूर असावी.

भाताच्या पेजेची एक गोष्ट सांगतो. सुती कपड्याला पेजेची खळ देऊन वाळवला, तर औषधाचा बराच भाग खळीला धरतो आणि धुताना खळीबरोबर निघून जातो. आपल्याकडे पेज घरोघरी असते, खर्च काही नाही. मात्र प्रत्येक धुण्यानंतर खळ पुन्हा द्यावी लागते.

हे धुण्याचे पाणी मामा तलावात, बोडीत किंवा विहिरीजवळ जाऊ देऊ नका. सायपरमेथ्रीनसारखी औषधे माशांना फार थोड्या मात्रेतही मारक असतात. तलावाच्या पायरीवर धुतलेल्या एका सदऱ्याने सोसायटीच्या मत्स्यबीजाला धोका पोचू शकतो. पाणी बांधाच्या पडीक कडेला, जनावरे चरत नाहीत तिथे ओतावे.

त्या बाईंना मी सांगितले की डाग कढत पाण्याने फिका होईल, पूर्ण जाईलच असे नाही, आणि तो सदरा आता फवारणीपुरताच ठेवा. त्यांच्या यजमानांना दुसऱ्या दिवशी पंप घेऊन बोलावले. वॉशर बदलायला पाच मिनिटे लागली. फवारणीआधी पंपात साधे पाणी भरून, झाकण लावून, पाठीवर घेऊन दोनदा वाका, आणि मग घरच्या माणसाला तुमची पाठ बघायला सांगा.