सांभाळणाऱ्या हातांचे स्वागत

अंगणवाडीच्या ताई, मदतनीस, शिक्षक मित्रहो आणि पहिल्या रांगेतल्या आजी-आजोबांनो,

कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या या कराडात सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांतून आलेल्या आपणा सर्वांचे मी मनापासून स्वागत करतो. पहिली रांग आम्ही मुद्दाम आज्यांसाठी राखली. पाटण-जावळीची माणसे मुंबईत माथाडी झाली, खानापूर-आटपाडीची पोरे सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली. गावी राहिलेली कितीतरी नातवंडे आजीनेच वाढवली.

एकीचे स्वागत मात्र मी करणार नाही. हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. आईबाप पहाटेच फडात जातात आणि कोपीपाशी नऊ-दहा वर्षांची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसते. तिची जागा या मांडवात नाही, शाळेत आहे. तिच्या कडेवरचे पोर कुणी घ्यायचे, हे आज आपण ठरवायचे आहे.

आता घरी पोर सांभाळणाऱ्या आजीविषयी. २०२२ साली राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झाले. शाळेत मेळावे भरले, आयांचे गट झाले, घरी करून घ्यायच्या कृतींची कार्डे मिळाली. फार चांगले काम. पण ज्या घरात आईच नाही, तिथे ते कार्ड कुणाच्या हाती पडते? आजी म्हणते, “मला कुठं वाचता येतंय?” आजी, भाकऱ्या मोजायला लावता, शेंगा निवडायला बसवता, निजताना गोष्ट सांगता, ती शाळेचीच तयारी आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, तेव्हा महागडी खेळणी बाजूला ठेवून गावात मिळणाऱ्या वस्तूंवरच बालशिक्षण उभे केले. सहा वर्षांच्या आत पोराच्या हाती पेन्सिल देऊन अक्षरे गिरवून घेण्याची घाई नको. त्याने बोलावे, विचारावे, चार पोरांत मिसळावे.

शिक्षकांना एकच विनंती. सकाळी दहाची पालकसभा म्हणजे भांगलणीला जाणाऱ्या बाईचा रोज बुडतो. जूनचा मेळावा संध्याकाळी घ्या, कार्ड वाचून दाखवा, आणि निरोपात ‘पालक’ एवढेच न लिहिता आजीचे नाव लिहा.